२०१४ ची वॅगन-आर, इस्टिमेट आयडीव्हीच्या वर, तरी कंपनी टोटल लॉस मानत नाही. काय करावं?

चिंचभुवनकर:
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण सगळं एकदाच सांगून टाकतो म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही. गाडी वॅगन-आर पेट्रोल, २०१४ ची, एमएच ३१ पासिंग, पहिल्यापासून आमच्याच घरात. बाबा चालवतात, दर आठवड्याला वर्ध्याला आजीकडे जाणं असतं त्यांचं. मागच्या महिन्यात तिकडून परत येताना बुटीबोरीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये उभे होते तर मागून ट्रकनं ठोकलं आणि गाडी समोरच्या टेम्पोत घुसली. बाबांच्या खांद्याला मुका मार लागला, बाकी देवाची कृपा, सुखरूप आहेत. गाडी मात्र दोन्ही बाजूंनी गेली. पोलीस स्टेशनला नोंद केली आहे, ट्रकचा नंबर आहे.

पॉलिसी पॅकेज आहे, झिरो डेप (पार्टवर घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, दहा वर्षांच्या वरच्या गाडीला कोणी देतही नव्हतं. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, १,६०,०००. वर्कशॉपचं इस्टिमेट २,३५,०००. मला वाटलं सरळ टोटल लॉस आहे, म्हणजे गाडी पूर्ण गेली धरून कंपनी आयडीव्ही देणार. पण सर्व्हेअर (नुकसान मोजणारा) पाहून गेला आणि आता कंपनीचा माणूस फोनवर सांगून राहिला की आमची लायबिलिटी १,०६,५०० येते, ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या आत आहे म्हणून टोटल लॉस होत नाही, रिपेअर करा आणि वरचे सव्वा लाखाच्या आसपास तुम्ही भरा, नाहीतर कॅश लॉसमध्ये ८५,००० घ्या, गाडी तुमच्याकडेच राहील, उद्यापर्यंत काय ते कळवा. दीड लाखाच्या गाडीवर मी सव्वा लाख घालायचे? हे कायद्यात बसतं का? आणि अशीच गाडी बाजारात आज दोन-सव्वादोन लाखांना मिळते, तो भाव धरून पैसे मागता येतात का?

राजे_हो:
पहिले तर उद्यापर्यंत काहीच कळवू नका भाऊ. असं फोनवर घाई करणं हे नेहमीचंच आहे. जे बोलायचं ते मेलवर.

धंतोलीवाला:
मी असतो तर ८५ घेतले असते. बाहेरच्या गॅरेजमध्ये जुने पार्ट टाकून लाखभरात गाडी उभी होते, वर्षभर क्लेमच्या मागे पळण्यापेक्षा बरं. बाबांना गाडी लवकर मिळेल.

सातासमुद्रापार:
मी सध्या इंग्लंडला असतो, मूळचा खामल्याचा. इथे जुनी गाडी राइट ऑफ झाली की कंपनीनं अपघाताच्या आदल्या क्षणाची बाजारातली किंमत द्यायची असते, आणि त्यांची ऑफर कमी वाटली तर आपण त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती काढून पाठवायच्या, सर्व्हिसची बिलं लावायची, तरी नाही ऐकलं तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे जायचं. माझ्या मित्रानं तसंच वाढवून घेतलं. तुम्हीही अशा जाहिरातींचे स्क्रीनशॉट जमवा.

जुना_सर्व्हेअर:
मी आता निवृत्त आहे, विदर्भात बरीच वर्षं मोटार सर्व्हे केले. वरच्या दोन्ही सल्ल्यांबद्दल आधी बोलतो, कारण दोन्ही चांगल्या मनानं दिलेत पण या केसला लागत नाहीत.

इंग्लंडची पद्धत वेगळी. आपल्याकडे खासगी गाडीची जी स्टँडर्ड पॉलिसी आहे तिच्यात आयडीव्ही पॉलिसी घेतानाच ठरतो आणि टोटल लॉसच्या वेळी तोच त्या वर्षभरासाठी बाजारभाव मानतात, त्याच्यावर आणखी घसारा लावत नाहीत. याचा अर्थ दोन्हीकडून होतो. गाडी बाजारात सव्वादोन लाखांना जात असली तरी तुम्हाला १,६०,००० च्या वर मागता येणार नाही, आणि कंपनीलाही म्हणता येणार नाही की गाडी आता जुनी झाली, १,३०,००० घ्या. सुप्रीम कोर्टानं धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २००८ च्या निकालात कंपनीला हेच सुनावलं, की रिन्युअलच्या वेळी एक किंमत मान्य करून त्यावर प्रीमियम घेतला, तर क्लेम आला म्हणून तीच किंमत नाकारता येत नाही. म्हणून जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढण्यात वेळ घालवू नका, तुमची लढाई तिथे नाहीच.

तुमची लढाई ७५ टक्क्यांच्या गणितात आहे. पॉलिसीत लिहिलंय की गाडी आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, आम्ही सीटीएल म्हणतो. त्या 'अटींच्या अधीन' या शब्दांचा आधार घेऊन कंपन्या वर्कशॉपचं इस्टिमेट धरत नाहीत, घसारा कापून उरलेला आकडा धरतात. जुन्या गाडीला इथेच मार बसतो, कारण दहा वर्षांवरच्या गाडीला लोखंडी पार्टवर ५० टक्के कपात, प्लास्टिक-रबर-बॅटरी-टायरवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के. म्हणजे इस्टिमेट कितीही फुगलं तरी कंपनीच्या खात्यात ते अर्धं होऊन येतं.

पण काचेवर घसारा शून्य असतो. मजुरीवर घसारा नसतो. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्या चौथ्या हिश्श्यावर ५० टक्के कापतात, अख्ख्या पेंटिंगवर नाही. तुमच्या २,३५,००० मधले किती लोखंडाचे, किती प्लास्टिकचे, किती मजुरीचे हे कळल्याशिवाय १,०६,५०० बरोबर की चूक ते मला सांगता येणार नाही. सर्व्हेअरच्या असेसमेंट शीटची कॉपी मागा, लेखी मागा, ती मागणं तुमचा हक्क आहे. आली की इथे आकडे टाका, नावं झाकून.

अमरावतीहून:
काका, पाच वर्षांनंतर आयडीव्ही कसा ठरतो? आमच्या एजंटनं या वेळी परस्पर ४० हजार कमी करून दिला, म्हणे प्रीमियम वाचला.

जुना_सर्व्हेअर:
पाच वर्षांपर्यंत तक्ता ठरलेला आहे. कंपनीच्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के वजा. पाच वर्षांनंतर आणि बंद झालेल्या मॉडेलसाठी आयडीव्ही हा विमा कंपनी आणि मालक दोघांनी मिळून ठरवायचा असतो. मिळून, म्हणजे तुम्हाला विचारून. रिन्युअलच्या वेळी गाडीचा बाजारभाव बघून मागून घ्या. नागपूर-अमरावती झोन बी मध्ये येतं, जुन्या टॅरिफप्रमाणे दहा वर्षांवरच्या छोट्या गाडीला ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सव्वातीन टक्क्यांच्या जवळ, म्हणजे ५० हजार आयडीव्ही वाढवला तर सोळाशे रुपये, तुमचा एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) ५० टक्के असेल तर आठशे, वर जीएसटी. कंपनी डिस्काउंट देते तो सोडून. एवढ्यासाठी कोणी ५० हजारांचं संरक्षण सोडू नये. मात्र उगाच फुगवूही नका, आयडीव्ही वाढला की ७५ टक्क्यांची रेषाही वर सरकते आणि गाडी टोटल लॉसमध्ये बसणं अवघड होतं. खरा भाव असेल तेवढाच ठेवा.

मानेवाडा_गॅरेज:
धंतोलीवाले भाऊ, मी डेंटिंग-पेंटिंगचंच काम करतो म्हणून बोलून राहिलो, राग मानू नका. पुढून मागून दोन्हीकडून ठोकलेली गाडी लाखात उभी करून देणारे भेटतात, पण कशी उभी करतात ते पाहा. एप्रन (पुढच्या चाकावरचा सांगाड्याचा पत्रा) पुलिंग करून, म्हणजे ओढून, सरळ केला, डिक्कीचा फ्लोर ठोकून बसवला, वरून पुट्टी आणि रंग मारला की नवी दिसते. मग शंभरच्या वर गेली का स्टेअरिंग थरथरते, टायर एका साइडनं खातात, डिक्कीत पावसाचं पाणी येते. आणि उद्या परत मागून ठोकली तर पुट्टी काय वाचवणार आहे? ज्या गाडीत तुमचे बाबा बसणार त्या गाडीत एप्रन आणि फ्लोर नवीनच पाह्यजे, कंपनीचाच पाह्यजे.

आणि चिंचभुवनकर भाऊ, वर्कशॉपवाल्याले विचारा का गाडी खोलून इस्टिमेट केलं का वरून पाहून केलं. पुढून दणका बसला असंन तर शो (पुढची जाळी-बंपर) खोलल्यावर रेडिएटर, कंडेन्सर, इंजिन माउंटिंग, स्टेअरिंग रॅक हे सगळं मागून निघते. सर्व्हेअरसमोर खोलून सप्लिमेंटरी इस्टिमेट द्याले लावा. खोलायची मजुरी ठरवून घ्या आधीच, नाहीतर मग गाडी उचलताना तेच बिल हातात देते. पार्किंगचे पैसेही लावतात काही वर्कशॉप, क्लेम लटकला का दिवसाचे मीटर सुरू. ते नाही लागणार असं लिहून घ्या.

अंबाझरीकर:
आमचा अनुभव सांगते, अपघाताचा नाही पाण्याचा आहे पण कंपनीचं वागणं तेच. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन आमच्या लेआउटमध्ये पाणी शिरलं तेव्हा गाडी पोर्चमध्ये उभी होती आणि पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं होतं. ज्यांनी ती सकाळ पाहिली त्यांना सांगायला नको, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. कंपनीनं पहिल्या मेलमध्ये लिहिलं की तुमच्याकडे इंजिन प्रोटेक्ट (इंजिनसाठीचं जादा कव्हर) नाही म्हणून इंजिनचा खर्च धरता येणार नाही, आणि इंजिन वगळलं की आकडा आपोआप ७५ टक्क्यांच्या खाली.

पण आम्ही गाडी सुरूच केली नव्हती. पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिन लॉक झालं तर ते पुढचं नुकसान म्हणून नाकारतात, तिथे इंजिन प्रोटेक्ट लागतं. उभ्या गाडीत पुराचं पाणी शिरलं तर पूर हा पॉलिसीतच लिहिलेला धोका आहे. शेजाऱ्यांच्या सीसीटीव्हीमध्ये पाणी चढताना दिसत होतं आणि गाडी जागेवर होती, ते फुटेज, ओडोमीटरचा फोटो आणि गाडी टो करून नेल्याची पावती जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. मग परत सर्व्हे झाला आणि सीटीएल मान्य झालं. माझं एवढंच म्हणणं आहे की त्यांचा पहिला आकडा हा शेवटचा नसतो, पण आपण मुद्दा धरून लिहिलं तरच बदलतो. नुसतं अन्याय झाला लिहून काहीच होत नाही हो.

चिंचभुवनकर:
सगळ्यांचे खूप आभार. शीट मागितली, आधी म्हणाले इंटर्नल डॉक्युमेंट आहे, मेलवर मागितल्यावर पाठवली. आकडे असे आहेत, टॅक्स धरून, गोल करून लिहितोय. वर्कशॉपचं इस्टिमेट: लोखंडी पार्ट ९०,०००, प्लास्टिक-रबर ५६,०००, काचा १४,०००, मजुरी ४५,०००, पेंटिंग ३०,०००.

सर्व्हेअरनं लोखंडी पार्टचे ६०,००० च धरले, उजवा एप्रन, खालचा क्रॉस मेंबर आणि डिक्कीचा फ्लोर हे ३०,००० चे पार्ट 'रिपेअर' लिहून काढून टाकले, उरलेल्याचे निम्मे ३०,०००. प्लास्टिकचे निम्मे २८,०००. काचांचेही निम्मे, ७,०००. मजुरी २५,०००. पेंटिंग २०,००० मंजूर करून १७,५००. त्यातून १,००० कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधून मालकानं सोसायचे, वजा. बरोबर १,०६,५०० येतात.

काका, काचेवर घसारा नसतो म्हणालात ना तुम्ही?

जुना_सर्व्हेअर:
नसतो. शून्य. हे वादाचं नाहीच, पॉलिसीच्या घसाऱ्याच्या तक्त्यात छापलेलं आहे, तुमच्या पॉलिसी वर्डिंगमध्ये ते पान शोधा आणि मेलला जोडा. नुसतं काचेचं दुरुस्त केलं की ७,००० वाढले, १,१३,५०० झाले. तुमची ७५ टक्क्यांची रेषा १,२०,००० वर आहे.

आता ते तीन पार्ट. एप्रन, क्रॉस मेंबर, फ्लोर हे गाडीच्या सांगाड्याचे भाग. दरवाज्याला पोचा आला तर ठोकून काढा म्हणणं ठीक आहे, पण सांगाडा वाकला असेल तर बदलायचा की सरळ करायचा हे मोजून ठरवतात, सर्व्हेअरनं नुसता शेरा मारून नाही. वर्कशॉपकडून लेखी घ्या, त्यांच्या लेटरहेडवर, की हे तीन भाग दुरुस्तीजोगे नाहीत आणि का नाहीत, मापं घेतली असतील तर ती, सोबत फोटो. अधिकृत वर्कशॉप असेल तर ते सहसा देतात कारण ठोकून बसवलेल्या सांगाड्याची जबाबदारी त्यांना नको असते. ते ३०,००० आत आले की निम्मे १५,००० वाढतात, १,२८,५०० होतात. रेषा ओलांडली. मजुरी आणि पेंटिंगला हात न लावता. बदलीची मजुरी वेगळी धरावी लागेल ते आणखी वर.

पुराव्यानिशी दोन मुद्दे लिहा, वीस लिहू नका. वीस लिहिले की ते सगळ्यात कमजोर मुद्द्याला उत्तर देतात आणि फाइल बंद करतात.

एक मी मनापासून सांगतो. सर्व्हेअर हा लायसन्स घेतलेला स्वतंत्र माणूस असतो, कंपनी त्याचे पैसे देते म्हणून तो कंपनीचा होत नाही, त्यानं दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा असतो. पन्नास हजारांच्या वरच्या मोटार क्लेमला कायद्यानं त्याचा रिपोर्ट लागतो तो त्यासाठीच. मला फार वाईट वाटतं जेव्हा रेषेच्या जरा खाली आणून ठेवलेले असे आकडे दिसतात. पण त्याला आरोप करून लिहू नका, नम्रपणे री-इन्स्पेक्शन मागा. बहुतेक जण कागद समोर आला की बदलतात.

सिव्हिललाइन्स:
मी ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करते. काकांनी गणित सांगितलंच आहे, मी पुढची वाट सांगते, म्हणजे कंपनी नाही म्हणाली तर हातात काय आहे ते माहीत असेल.

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, त्याचा मेल पॉलिसीवरच छापलेला असतो, त्यांनी दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. सोबत आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ ला फोन करा, तिथून ती कंपनीकडेच जाते पण नोंद राहते आणि कंपनीला तिचं उत्तर द्यावं लागतं. २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे नेमणुकीनंतर सर्व्हेअरचा रिपोर्ट १५ दिवसांत आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा, तुमच्याकडे या तारखा उलटल्या असतील तर तेही लिहा.

तिथे नाही झालं तर विमा लोकपाल. नागपूरकरांसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, आणलेला चालतही नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे पुण्याला जावंच लागेल असं नाही. मर्यादा ५० लाखांची आहे, तुमची रक्कम त्याच्या खूप आत. कंपनीनं नकार दिल्यापासून किंवा महिनाभर उत्तर न दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं. एक लक्षात ठेवा, ग्राहक आयोगात केस टाकली असेल तर त्याच विषयावर लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून आधी लोकपाल, मग गरज पडली तर आयोग. जिल्हा आयोगाला मोबदल्याची मर्यादा ५० लाख, तुमच्या बाबतीत मोबदला म्हणजे भरलेला प्रीमियम, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. अपील करायचं झालं तर राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरातच बसतं.

आणि सर्व्हे रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार, २००९, सुप्रीम कोर्ट. त्यात स्पष्ट आहे की सर्व्हेअरचा रिपोर्ट महत्त्वाचा असला तरी तो बंधनकारक आणि अंतिम नाही. मेलमध्ये एका ओळीत हा निकाल टाका, बास.

राजे_हो:
ताई, समजा त्यानं ८५ हजारांच्या व्हाउचरवर सही केली असती तर संपलं असतं का सगळं?

सिव्हिललाइन्स:
संपतंच असं नाही. २०१५ साली आयआरडीएआयनं परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलंय की डिस्चार्ज व्हाउचरवर सही घेतली म्हणून पॉलिसीधारकाचा जास्त मागण्याचा हक्क जात नाही. पण प्रत्यक्षात 'फुल अँड फायनल' वर राजीखुशीनं सही केली आणि महिनोन्महिने गप्प बसला तर केस अवघड होते. सही करावीच लागली तर खाली 'हरकत कायम ठेवून स्वीकारले' असं लिहा आणि त्याच दिवशी हरकतीचा मेल टाका.

ट्रकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. चूक ट्रकची होती, पोलिसात नोंद आहे. तुमच्या कंपनीकडून जे भरून निघणार नाही ते ट्रकच्या विमा कंपनीकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतं, वस्तूच्या नुकसानीसाठी ट्रकच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंतचं थर्ड पार्टी संरक्षण सहसा असतं. दोन्हीकडून तेच पैसे दोनदा घेता येत नाहीत, फक्त राहिलेला फरक. आणि सहा महिन्यांच्या आत दावा टाका, उशीर नको. बाबांच्या खांद्याच्या उपचाराची बिलंही त्यात येतात, जपून ठेवा.

धंतोलीवाला:
हे ट्रकचं मला माहीतच नव्हतं. मग ८५ चं मी मागे घेतो.

मानेवाडा_गॅरेज:
८५ चा हिशोब तसाही पाहा ना. ८५ हातात आणि ठोकलेली गाडी, ती वाडीकडचे भंगारवाले चाळीसच्या वर घेत नाही. सव्वा लाख झाले. टोटल लॉस झाला तर हजार डिडक्टिबल कापून १,५९,०००. चौतीस हजारांचा फरक आहे भाऊ.

चिंचभुवनकर:
वर्कशॉपनं पत्र दिलं. फ्लोर आणि क्रॉस मेंबर बदलायलाच पाहिजे असं साफ लिहिलं, एप्रनबद्दल लिहिलं की पुलिंग करून चालेल पण कंपनीच्या मापात बसेलच याची हमी नाही. मेल टाकला, दोनच मुद्दे, काचेचं पान लावून. री-इन्स्पेक्शनला दुसरा सर्व्हेअर आला होता, गाडी खोलायला लावली त्यानं, तर आतून कंडेन्सर आणि दोन माउंटिंग निघाले, मानेवाडा भाऊंनी सांगितलं होतं अगदी तसंच. आता कंपनी म्हणते सीटीएल मान्य, पण पर्याय देऊन राहिले: १,५९,००० मधून सॅल्व्हेजचे (ठोकलेल्या गाडीच्या भंगारातल्या किमतीचे) ६८,००० वजा करून ९१,००० घ्या आणि गाडी तुम्हीच ठेवा. हे सॅल्व्हेज ६८,००० कुठून आणलं? इथे तर कोणी चाळीसच्या वर बोलत नाही.

जुना_सर्व्हेअर:
ऑनलाइन बोली लावतात, तिथून येतो तो आकडा. चांगलंच आहे, तुम्ही एवढंच लिहा की मला गाडी ठेवायची नाही, ज्यानं ६८,००० ची बोली लावली त्याला पैसे घेऊन पाठवा. तुमचे एकूण १,५९,००० व्हायला हवेत, त्यातले किती कंपनीनं दिले आणि किती भंगार घेणाऱ्यानं दिले याच्याशी तुम्हाला घेणंदेणं नाही. बोलीवाला पळाला तर तो फरक कंपनीनं भरायचा, तुम्ही नाही. हे लेखी घ्या. फुगवलेल्या सॅल्व्हेजमुळे मालकाचे पैसे कमी होतात हे मी फार पाहिलंय, आणि लोक गाडी घरी आणून ठेवतात, मग ती वर्षानुवर्षं गेटसमोर सडते.

सिव्हिललाइन्स:
आणि किल्ली, आरसी, सह्या यातलं काहीही पैसे खात्यात आल्याशिवाय देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) कोरे सही करून कोणालाच देऊ नका, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे तीन हातांतून गेली असली तरी. उद्या कोणी ती जोडून रस्त्यावर आणली आणि अपघात केला तर नोटीस बाबांना येईल. आधारच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आडवं लिहून सही करा.

अंबाझरीकर:
हो हे अगदी खरं. आमचा घेणारा म्हणत होता दोन महिन्यांत नावावर करतो, आम्ही ट्रान्सफरची पावती दाखवल्याशिवाय आरसी दिलीच नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघत राहा, नाव बदललं की दिसतं.

अमरावतीहून:
तो गाडी कापून पार्ट विकणार असेल तर ट्रान्सफर कशाला करेल?

जुना_सर्व्हेअर:
मग आरसी रद्द करून घ्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं, मूळ आरसी जमा करून. एमएच ३१ म्हणजे गिरीपेठचं ऑफिस. कंपनीचं टोटल लॉसचं पत्र सोबत लावा. चिंचभुवनकर, बोलीवाल्याला आधीच विचारा की तो चालवायला घेतोय की कापायला, त्याप्रमाणे कागद वेगळे.

चिंचभुवनकर:
विचारलं, कापायला घेतोय, नांदेडचा आहे. कंपनीनं मेलवर लिहून दिलं की ६८,००० त्याच्याकडून आले नाहीत तर त्या भरतील. ९१,००० काल जमा झाले. बोलीवाला शनिवारी येऊन राहिला एनईएफटी करायला, आरसी रद्द करायचा अर्ज बाबा स्वतः भरून राहिलेत. ताई, ट्रकवाल्याच्या दाव्याबद्दल तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, टोइंगचे पॉलिसीत १,५०० च मिळतात आणि आमचे साडेचार हजार गेले, ते आणि बाबांची फिजिओथेरपी, एवढंच मागायचं आहे त्यात.

सिव्हिललाइन्स:
मिळाला निरोप. टोइंगची मूळ पावती, पोलिसांचा पंचनामा आणि ट्रकच्या पॉलिसीची प्रत काढून ठेवा, ट्रकची पॉलिसी पोलीस स्टेशनच्या कागदांत असेल. सोमवारी दुपारनंतर या.

मानेवाडा_गॅरेज:
शनिवारी गाडी द्याच्या आधी बॅटरी पाहून घ्या, नवीन टाकली असंन मागच्या वर्षी तर सर्व्हेच्या यादीत आहे का ते विचारा. यादीत असंन तर गाडीसोबतच जाईन, काढू नका, नाहीतर तो बोलीवाला तिथंच भाव तोडते.